मक्यात हॅप्लॉइड करायचे, तर आधी दाणे ओळखायला शीक

हॅप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेलं रोप. त्यासाठी परागकोश संवर्धनाच्या (प्रयोगशाळेत परागकोशांपासून रोपं वाढवण्याच्या) नादी आत्ताच लागू नकोस. मक्यात इंड्यूसर वाणाची, म्हणजे ज्याच्या परागांमुळे काही दाणे हॅप्लॉइड होतात अशा वाणाची, वाट सोपी आहे: त्याचे पराग तुझ्या एफ-१ च्या (पहिल्या पिढीच्या संकराच्या) कणसावर टाकायचे. १९५९ साली नोंदलेल्या ‘स्टॉक ६’ या जुन्या इंड्यूसरमधून जेमतेम २-३ टक्के हॅप्लॉइड मिळायचे. आताचे चांगले इंड्यूसर ८-१० टक्के देतात. बाकीचे सगळे साधे संकरित दाणे.

खरी कसोटी निवडताना लागते. जांभळा रंग इंड्यूसरकडून येतो. दाण्याचा माथा जांभळा पण भ्रूण पांढरा, तो हॅप्लॉइड. दोन्ही जांभळे, तो संकरित. पहिल्या हंगामात मी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दाणे निवडले. भ्रूणावरची फिकट जांभळी छटा दिसलीच नाही, आणि शेतात निम्मी रोपं तरारून कमरेच्या वर गेली. हॅप्लॉइड असं वाढत नाही. ते बुटकं, अरुंद, ताठ पानांचं असतं. म्हणून दाणे सकाळच्या उजेडात, भ्रूणाची बाजू वर ठेवून बघ. तुझ्या वाणात रंग दाबणारं जनुक असेल, तर ही खूण चालणारच नाही. तेव्हा दोन-चार कणसांवर आधी तपासून घे.

हॅप्लॉइडपासून बी धरता यावं म्हणून त्याची गुणसूत्रं दुप्पट करावी लागतात. १० ची २० करायला कोंबाचं टोक किंचित कापून रोपं ०.०४ टक्के कोल्चिसिनमध्ये साधारण १२ तास ठेवतात. ते जहाल विष आहे. हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही.

तुरा आला की रोज सकाळी जा. कधी दोन-तीनच परागकोश उघडतात, तेवढ्यावरच स्वपरागण उरकावं लागतं.