श्रीलंकेतल्या २०२२ च्या आर्थिक संकटात विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांचे नेमके काय हाल झाले?

आधी पेट्रोल-डिझेल संपलं आणि तिथूनच सगळं विस्कटलं. परकीय चलन आटलं होतं. १२ एप्रिल २०२२ ला सरकारने परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. बस नाही, म्हणून वर्ग ऑनलाइन. पण वीज तरी कुठे होती? मार्चअखेर भारनियमन १३ तासांवर गेलं होतं. खेड्यातल्या घरात मोबाइलची बॅटरी लाल झालेली, रेंज येते-जाते, आणि पलीकडे सर शिकवताहेत. अर्धा तास ऐकायचं की उद्यासाठी चार्जिंग वाचवायचं?

तिथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीला फी नाही, याचं मला फार कौतुक आहे. पण पोटाला तर लागतंच ना! विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी महापोळ शिष्यवृत्ती तेव्हा महिन्याला जेमतेम ५ हजार श्रीलंकन रुपये होती, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या आसपास. घरून पैसे येणार नसतील, तर एका वेळचं जेवण सोडण्यावाचून पर्याय काय?

प्राध्यापकांचा पगार कागदावर तेवढाच राहिला, पण डॉलर २०० रुपयांवरून ३६० वर गेला. त्यात जानेवारी २०२३ पासून प्राप्तिकराचा वरचा दर ३६ टक्के झाला आणि मार्चमध्ये ते संपावर उतरले. ज्यांना परदेशात नोकरी मिळाली, त्यातले बरेच गेले. त्यांना दोष देववत नाही मला. मात्र वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगचा अनुभवी शिक्षक गेला की ती जागा जाहिरात देऊन महिन्याभरात भरत नाही. तोवर मागे राहिलेल्यांनीच त्याचेही तास घ्यायचे.