अलिखित नियम लिहू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची बाराही प्रकरणं काल रात्री एका बैठकीत वाचली. शेवटच्या पानामागे पेन्सिलीनं खरडलेला प्रश्नही वाचला : नायकानं टोळीतून फुटावं की नाही? त्यावर महिनाभर अडली आहेस म्हणे. अडणारच. तिसऱ्या प्रकरणात म्होरक्याच्या तोंडून सात नियम वदवून घेतलेस, तिथेच सगळा जीव गेला. अगं, अलिखित नियम लिहायचे नसतात! पाटीवर आले की पोरं पाटीला घाबरतात, एकमेकांना नाही.

फेरेंत्स मोल्नारची 'द पॉल स्ट्रीट बॉइज' ही बुडापेस्टमधली कादंबरी, 1907 ची. त्यातला नेमेचेक हा पोरांच्या फौजेतला एकटा साधा शिपाई. बाकी सगळे अधिकारी. शत्रूचा म्होरक्या त्याला आपल्यात बोलावतो. तो नाही म्हणतो, तळ्यात बुचकळला जातो, आणि भिजलेल्या अंगानं निघतो तेव्हा त्याच शत्रूची पोरं भाले धरून त्याला सलामी देतात. हे कुठल्या नियमात बसतं? दोन्हीकडच्यांना ठाऊक असलेल्या, कुणीच न उच्चारलेल्या. आणि त्याचे स्वतःचे सोबती? ते त्याला गद्दार ठरवून वहीत त्याचं नाव सगळं लहान अक्षरांत लिहितात. (आपल्या लिपीत हा अपमान करताच येत नाही, अनुवादकाला घाम फुटत असेल.) तापात तो तेच बरळत राहतो. माफीचं पत्र घेऊन पोरं येतात, तोवर तो गेलेला असतो. नायक फुटला की नाही, हा प्रश्न यापुढे किती किरकोळ आहे बघ.

एस. ई. हिंटननं 'द आउटसायडर्स' ही पोरांच्या दोन टोळ्यांमधल्या वैराची कादंबरी पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. 1967 मध्ये ती आली तेव्हा हिंटन अठराची होती. मोठ्या मारामारीत हत्यार नाही, हे दोन्ही बाजू पाळतात, मध्ये पंच कुणी नसताना. समोरासमोर पहिले उभे राहतात ते दोघे कधीकाळी एकाच फुटबॉल संघात होते. मला ती हाणामारी आठवत नाही, त्याआधीचं ते बघणं आठवतं.

माझ्या पहिल्या कादंबरीत संपादकानं सांगितलं, वाचकाला कळायला हवं, एक शपथविधी घाला. मी घातला. आजही ते पान उघडत नाही. दुसऱ्या वेळी ऐकलं नाही, तर हस्तलिखित परत आलं, तिसऱ्या वेळीही. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. पुस्तकं कमी झाली ती हट्टामुळे नव्हे, मी मुळातच सावकाश लिहितो. बरं, ते जाऊ दे.

तुला येतं, म्हणून चिडतोय. नवव्या प्रकरणात तो धाकटा फुटका ओठ घेऊन येतो. कुणी काही विचारत नाही, फक्त कट्ट्यावर जरा सरकून जागा करतात. तिथे तू एक अक्षर समजावलं नाहीस. तो अलिखित नियम! तो तू लिहिला नाहीस, म्हणून मला दिसला.

तिसरं प्रकरण काढून टाक. नायकाला काही दिवस सोड. धाकट्याला एकदा अशा वेळी कट्ट्यावर आण, की कुणीच सरकत नाही. तेवढं लिहून पाठव, हातानं लिहिलंस तरी चालेल.