नाणं टाकलं की दिवा लागतो

अनेक आशीर्वाद.

रोमच्या दिवसाचा तू पाठवलेला तक्ता पाहिला. आठला कोलोसिअम, दहाला फोरम, बाराला व्हॅटिकन, तीनला पँथिऑन, आणि प्रत्येक ओळीपुढे मिनिटं. सगळं आहे त्यात, फक्त आईबाबांनी बसायचं कुठे तेवढं नाही.

मीही असाच तक्ता केला होता. वडील एकाहत्तरचे, त्यात उजवा गुडघा कुरकुरणारा. जूनच्या उन्हात फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांतल्या, त्या ओबडधोबड फरसबंदीवरून चालवत त्यांना कोलोसिअमपर्यंत आणलं, तर ते सावलीत एका कठड्यावर टेकले आणि म्हणाले, "आईला दाखवून आण. मी आहे इथेच." आम्ही आत गेलो. आई कमानी बघत होती आणि मी घड्याळ. बाहेर आलो तेव्हा ते तसेच बसलेले होते, हातातली बाटली रिकामी. त्यांची तक्रार काहीच नव्हती, त्यामुळे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता बॅगेतच ठेवला. पियाझ्झा नावोना या चौकापासून ट्रेव्ही कारंज्यापर्यंतचा सपाट पट्टा धरला. सलग चाललं तर जेमतेम अर्धा तास. आम्हाला अख्खा दिवस लागला. तुलाही मी हेच सुचवेन. कोलोसिअम बाहेरूनही भव्य दिसतं, टॅक्सीतून एक चक्कर मार.

नावोनाच्या जवळच सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. तिकीट नाही, पण दुपारी बंद असतं, म्हणून सकाळीच जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईच्या साडीला काहीच अडचण नाही, तुझी हाफपँट मात्र चालणार नाही. आत डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची तीन चित्रं आहेत, 1600च्या आगेमागे काढलेली. कोनाडा अंधारा असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. एका चित्रात करवसुली करणारे टेबलाभोवती बसलेत. टोकाचा पोरगा मान खाली घालून नाणी मोजतोय, शेजारचा म्हातारा चष्म्यातून ती निरखतोय, आणि उजवीकडून येशू हात पुढे करून त्यांच्यातल्या मॅथ्यूला बोलावतोय, जो पुढे त्याचा शिष्य झाला. माझ्या वडिलांची हयात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. ते त्या पोराच्या बोटांकडेच बघत राहिले. दिवा विझला की स्वतः खिशातून नाणं काढून टाकायचे. एरवी चहाचे पैसे देताना दहा वेळा हिशोब करणारा माणूस! सुट्टी नाणी जवळ ठेव, एवढंच सांगतो.

तिथून पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ चार पावलांवर. आता आत जायला तिकीट लागतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सारखीच, साधारण 43 मीटर. वरचं गोल भोक उघडंच आहे. पाऊस सरळ आत येतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. आईला ती भोकं दाखव. मोरीचा उतार बघणाऱ्या बायकांना ते लगेच कळतं.

पाणी विकत घेऊ नकोस. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात. त्यांना तिकडे 'नाझोने' म्हणतात, म्हणजे नाकाड्या. वाकलेल्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून पाण्याची धार उडते. भांड्याला तोंड न लावता वरून पिणाऱ्या आपल्या लोकांसाठीच केल्यासारखं! माझ्या आईने तीन नळांवर ते करून पाहिलं, तिसऱ्यावर पदर भिजला.

बसायचं म्हणशील तर कारंज्यांच्या काठावर आणि स्पॅनिश पायऱ्यांवर नको, दंड होतो. कॅफेत बस. तिथे कॅफेला 'बार' म्हणतात, हे आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर दारातूनच परत फिरेल. उभ्याने कॉफी स्वस्त, टेबलाशी बसलं की दर चढतो. तो आनंदाने दे, कारण त्यात पाय मोकळे होतात आणि स्वच्छतागृहही मिळतं. भूक लागली तर पिझ्झाचा मोठा आयत कात्रीने कापून वजनावर देतात, बटाट्याचा माग. 'सुप्ली' दिसायला बटाटेवड्याचा भाऊ, पण आतल्या भातात बहुधा खिमा असतो. विचारल्याशिवाय आईच्या हातात देऊ नकोस.

बाबांचं पाकीट मागच्या खिशात नको. हे तू सांगितलंस तर ऐकणार नाहीत, आईकडून सांगव.

आणि त्या चित्रातला मॅथ्यू नेमका कोण, ते बाबांना विचार. मधला दाढीवाला बोट दाखवतोय, पण ते स्वतःकडे की टोकाच्या पोराकडे, यावर जाणकारांचेही वाद आहेत. माझे वडील म्हणाले, "पोरगाच. त्याचं मोजणं अजून संपलेलं नाही, म्हणून मान वर करत नाही." मी दाढीवाल्याच्या बाजूचा. तुझ्या बाबांचं मत कळव.

तुझा,
काका