काय टिपायचे आहे, हेच कळेनासे होते तेव्हा

“कॅमेरा हातात घेतला की वाटते, हे छायाचित्र कुणीतरी आधीच काढलेले आहे, मग मी तो खाली ठेवतो.” उत्पादनांची व्यावसायिक छायाचित्रे काढणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्यावर पहिल्याच भेटीत आपली अडचण अशी मांडली. (ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे.) कामे नियमित मिळत होती, प्रकाशयोजनेवर त्यांची उत्तम पकड होती, परंतु स्वतःसाठी काढलेले आणि स्वतःला पटलेले असे एकही छायाचित्र बऱ्याच महिन्यांत झाले नव्हते. प्रेरणा मिळावी म्हणून ते रोज रात्री मोबाइलवर इतरांची छायाचित्रे पाहत, आवडलेली साठवून ठेवत आणि अधिकच खिन्न होऊन झोपत. नवी लेन्सही घेऊन झाली होती.

अशा तक्रारीत मी आधी एक गोष्ट तपासते. रस केवळ छायाचित्रणातून गेला आहे, की एकूण जगण्यातूनच? जवळजवळ सर्वच गोष्टींतील आनंद २ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ हरपला असेल आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक असते. या गृहस्थांच्या बाबतीत तसे नव्हते. घरच्यांसोबतचा वेळ, वाचन, मित्र यांत त्यांचे मन रमत होते. अडले होते ते एकाच ठिकाणी.

मी त्यांना सांगितले की, गेल्या काही वर्षांत कुणीही न सांगता, कुणालाही दाखवण्याचा हेतू नसताना काढलेली छायाचित्रे शोधा, मोबाइलमधलीसुद्धा, आणि चांगली-वाईट अशी निवड न करता त्यांच्या लहान प्रती छापून आणा. पुढच्या भेटीत त्या टेबलावर पसरल्या, तेव्हा ते संकोचून म्हणाले, “मॅडम, ही असंच काढलेली आहेत.” छायाचित्र कसे आहे हे न सांगता त्यात काय आहे, एवढेच सांगायचे, अशी अट मी घातली. घडी घातलेल्या खुर्च्या, आच्छादन घातलेले यंत्र, भिंतीला टेकवलेली शिडी, दोरीने बांधलेले गाठोडे, अर्धवट ओढलेले शटर. सांगता सांगता ते थांबले. “या सगळ्या वापरून झाल्यावर आवरून ठेवलेल्या वस्तू आहेत,” ते म्हणाले आणि थोड्या वेळाने पुढे बोलले, “दिवसभर मी ज्यांची छायाचित्रे काढतो, त्या वस्तूंना अजून कुणाचा हातही लागलेला नसतो.”

हा धागा मलाही दिसू लागला होता. पण तो मी बोलून दाखवला असता, तर तो माझा ठरला असता. दिशा बाहेरून सुचवता येते, परंतु तिच्यामागे वर्षानुवर्षे जाण्याची ओढ बाहेरून देता येत नाही. माझ्या मते त्या ओढीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा अशा बिनमहत्त्वाच्या मानलेल्या छायाचित्रांतच सापडतो, कारण ती काढताना माणूस कुणाच्याही पसंतीचा विचार करत नसतो.

त्यांची शंका पुढची होती : इतका साधा विषय पुरेल का? बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे ढगाळ प्रकाशात, समोरून आणि शक्य तितक्या सारख्या पद्धतीने अनेक दशके काढली. ती शेजारीशेजारी मांडल्यावर प्रत्येक बांधणीचे वेगळेपण उठून दिसते. चेक छायाचित्रकार योसेफ सुडेक यांनी प्राग येथील आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० पासून वर्षानुवर्षे टिपली. काचेवरचे दव, बाहेरचे झाड आणि बदलता प्रकाश एवढे त्यांना पुरले. ही उदाहरणे मी अनुकरणासाठी दिली नाहीत. विषय आधीच मोठा असावा लागतो, या समजुतीवर त्यांनी फेरविचार करावा, एवढाच हेतू होता.

मग आम्ही मिळून काही मर्यादा ठरवल्या : ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, एकच परिसर, काम संपण्याची वेळ, आणि काढलेली छायाचित्रे आठवडाभर पाहायची नाहीत. रात्रीचे इतरांची छायाचित्रे पाहणे त्या काळापुरते बंद. सुरुवातीचा उत्साह लवकरच ओसरला आणि ते वैतागून आले. तेच ते दिसते, कंटाळा आला, असे म्हणाले. हा टप्पा फार महत्त्वाचा असतो आणि बहुतेक जण नेमके येथेच विषय बदलतात. आधी पाहिलेल्या, शिकलेल्या रचना संपल्या की कंटाळा येतो. ज्या दृश्याला तयार साचा उपलब्ध नाही, ते त्यानंतरच नजरेला पडू लागते. म्हणून त्या भेटीत मी नवे काहीही सुचवले नाही. कंटाळ्यासह तिथे उभे राहता येईल का, एवढेच विचारले, आणि त्यांनी ते मान्य केले.

काही आठवड्यांनी त्यांनी प्रती पुन्हा मांडल्या. पूर्वी सर्वाधिक वाहवा मिळालेले, सोनेरी प्रकाशातले एक छायाचित्र त्यांनी स्वतःहून बाजूला काढले, कारण ते देखणे असूनही या मालिकेतले नव्हते. खुर्च्या रचणारे, गाठ मारणारे हात आता चौकटीत घ्यावेत का, घेतले तर त्या माणसांची परवानगी कशी मागावी आणि नंतर छायाचित्र त्यांना दाखवावे का, असे प्रश्न ते विचारू लागले होते. हे निर्णय छायाचित्रकाराने आपल्या कामातच घ्यायचे असतात. म्हणून दोघांच्या सहमतीने आम्ही भेटी तेथेच थांबवल्या.