हायवेसमोरच्या फ्लॅटला डबल ग्लेझिंगच्या खिडक्या लावाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात वारज्याला महामार्गासमोर पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे, बेडरूमची खिडकी पश्चिमेला, रात्री ट्रकचा आवाज आणि दुपारी ऊन. विक्रेता म्हणतोय डबल ग्लेझिंग, म्हणजे मध्ये हवा कोंडलेली दुहेरी काच, लावा, दोन्ही थांबेल, शिवाय एसीच्या बिलातून पैसे वसूल होतील. माझं मत आधीच सांगते. उन्हासाठी लावू नका, बिलासाठी तर मुळीच नको, आणि आवाजासाठी लावायचं असेल तर काचेच्या आधी चौकटीकडे बघा. या विषयावरून आमच्या घरात इतकं वाजलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमचं घर डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, रुळांना लागून. इमारत जुनी, भिंती नऊ इंची. नवरा रात्रपाळीला असतो. सकाळी घरी येऊन त्याने अंग टाकलं की नेमक्या त्याच वेळी लोकलची गर्दी सुरू होते, मधून लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या, आणि प्रत्येकाचा भोंगा. त्याचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी सलग झोप हवीच असं बजावलं, तेव्हा खिडक्यांचं मनावर घेतलं.

माझे मोठे दीर म्युनिकला असतात. भाऊजींनी फोनवरच निकाल दिला: "डबल ग्लेझिंगशिवाय पर्याय नाही, इथे सगळीकडे तेच आहे, निम्मे पैसे मी देतो." मनापासून दिलेली मदत होती, त्याबद्दल मला आजही आदर आहे. पण मी आधी विक्रेत्याला घरी बोलावलं. त्याने एक लाकडी पेटी आणली होती. आत भोंगा, समोर दुहेरी काचेचं छोटं दार. दार उघडलं की कान फुटतील असा आवाज, लावलं की एकदम शांत. नवरा खूश झाला. मी विक्रेत्याला विचारलं, या दाराला चारी बाजूंनी रबर आहे आणि तुम्ही ते मूठ पिरगळून आवळताय. मला मात्र कोटेशन सरकत्या खिडकीचं दिलंय. ती कुठे आवळली जाते? त्याने यावर उत्तर दिलं नाही, सवलत वाढवून दिली.

त्या रात्री मी पंखा बंद केला, खिडकी घट्ट लावली आणि उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली. काचेसमोर धूर सरळ वर जात होता. दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे तो आडवा झाला. खालच्या रुळात पावसाचं पाणी जायला ठेवलेल्या भोकांपाशी हलला. आणि चौकट व भिंत यांच्यात, प्लॅस्टरला तडा गेला होता तिथे, कोणीतरी फुंकर मारावी तसा आत वळला. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट उघडी राहिली, तरी काच कितीही भारी लावा, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. हे मी भाऊजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तू काचेचं विज्ञान समजून घे."

घेतलं समजून. ६ मिमीची एकेरी साधी काच साधारण ३१ डेसिबल आवाज अडवते. ६-१२-६, म्हणजे दोन काचा आणि मध्ये १२ मिमी हवा, ही जोडी ३३ च्या आसपास. इतकाच फरक. कारण दोन सारख्या काचा आणि मधली कोंडलेली हवा मिळून स्प्रिंगसारखं वागतात आणि २०० हर्ट्झच्या आसपास उलट जास्त थरथरतात. मालगाडीच्या इंजिनाची, ट्रकची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीतली. मधलं अंतर चार इंच केलं की ती थरथर ८० हर्ट्झच्या खाली उतरते आणि बराचसा त्रास टळतो. पण चार इंचांचं अंतर सीलबंद डबल ग्लेझिंगमध्ये मिळत नाही, त्यासाठी वेगळी दुसरी खिडकीच लागते.

आमच्या नऊ इंची भिंतीत तेवढी जागा होती. म्हणून जुनी सरकती खिडकी बाहेर तशीच ठेवली, चौकटीमागचा तडा खरवडून नीट भरून घेतला, आणि आतल्या बाजूने दुसरी झडपेची, म्हणजे दारासारखी उघडणारी, खिडकी बसवली. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली. चारी बाजूंनी रबरी गॅस्केट, आणि मूठ फिरवली की वर, खाली, मध्ये तिन्हीकडे आवळणारं लॉक. झडप आत उघडणारी घ्यावी लागली, कारण बाहेर ग्रिल आहे. तुमच्याकडेही असेल तर हे आधी मोजा, पलंग आणि पडद्याची दांडी आड येते. काम स्टेशनजवळच्या ॲल्युमिनियमवाल्याने केलं. डबल ग्लेझिंगच्या कोटेशनच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला. लोकलचा खडखडाट जवळजवळ गेला, भोंगा लांबून आल्यासारखा येतो. मालगाडी जाताना जमीन हादरते ते अजून जाणवतं, ते कुठलीच खिडकी थांबवू शकत नाही. पण नवरा आता दुपारपर्यंत झोपतो.

यावर भाऊजींनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "जुगाड केलास." तो शब्द मला लागला. हे जुगाड नव्हे. इंग्लंडमध्ये वारसा म्हणून जपलेल्या ज्या इमारतींच्या मूळ खिडक्या बदलायला परवानगी मिळत नाही, तिथे आतून दुसरी खिडकी बसवण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि आवाजासाठी ती डबल ग्लेझिंगपेक्षा सरस ठरते.

आणि म्युनिकचा दाखला इथे द्यायचाच कशाला? काचेतून किती उष्णता जाते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. म्युनिकला जानेवारीत बाहेर शून्याखाली आणि आत २०, म्हणजे फरक वीस-पंचवीस अंशांचा, आणि तोही महिनोन्‌महिने, चोवीस तास. म्हणून तिथे आता नव्या घरांत तिहेरी काच लावतात, आणि ते बरोबरच आहे. डोंबिवलीत मे महिन्यात बाहेर ३४, आत एसी २६ वर. फरक आठ अंशांचा. एकेरी काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा, ५.७ धरा, दुहेरीचा २.८. पाच बाय चार फुटांच्या खिडकीतून आत येणारी उष्णता ४३ वॉटने कमी होईल. एसी एका वॉटमध्ये तीन वॉट उष्णता बाहेर टाकतो असं धरलं, तर आठ तासांच्या रात्रीत जेमतेम ०.१ युनिट वाचतं. यातून खिडकीचा खर्च कधी वसूल होणार? हा हिशेब मी भाऊजींना पाठवला होता. अजून त्याला उत्तर आलेलं नाही. पुण्यात तर मेमध्येही रात्री डोंबिवलीपेक्षा गार असतात, तेव्हा तुमचा आकडा याहून लहान येईल.

उन्हाचंही तसंच. साधी एकेरी काच सूर्याची ८२ टक्के उष्णता आत घेते, साधी दुहेरी काच ७० टक्क्यांच्या वर. संध्याकाळचं तिरपं ऊन काचेतून आत शिरलं की मग आतले जाड पडदे फार उशिराचे. ते बाहेरच अडवायला हवं: सज्जा वाढवता आला तर उत्तम, नाहीतर ग्रिलला बाहेरून बांबूची चिक सोडा. सोसायटी दर्शनी बाजूचं कारण देऊन नाही म्हणेल, पण कमिटीशी त्यासाठी भांडा. खिडकीच्या पैशापेक्षा ते भांडण स्वस्त आहे.

आता माझ्या म्हणण्याला काही मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात बाहेर ४५ आणि आत एसी २५ असेल तर फरक वीस अंशांचा होतो. तिथे लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप असलेली दुहेरी काच विचार करण्यासारखी आहे. पण घरात कूलर असेल तर नाही, कारण कूलरला हवा बाहेर जायला उघडी खिडकीच लागते. दुसरं, नव्या टॉवरमध्ये भिंती पाच-सहा इंचांच्या असतात, आत दुसरी खिडकी बसायला जागाच नसते. तुमचं तसं असेल तर डबल ग्लेझिंग घ्या, पण सरकती नको, झडपेचीच. आणि दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या मागा, त्यातली एक लॅमिनेटेड. कडेचं सील सुटलं की दोन काचांच्या आत बाष्प धरतं आणि ते पुसता येत नाही, अख्खं तावदान बदलावं लागतं, तेव्हा सीलची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

घर घट्ट बंद केल्यावर हवा कुठून येणार हेही ठरवा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली खिडकी किंवा झरोका कुठल्याही कारणाने बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात. आणि सगळ्या खिडक्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. आधी उदबत्ती फिरवा, चौकटीमागच्या फटी भरून घ्या, मग बेडरूमची एकच खिडकी करून रात्री ट्रक वाहत असताना तिथे झोपून बघा.