वाचकांचे प्रश्न: पाय वर उचलता येणारी व्हीलचेअर कोणी घ्यावी?

प्रश्न १ : सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघ्यांच्या संधिवातामुळे त्यांचे चालणे जवळजवळ थांबले आहे आणि दिवसाचा बराचसा वेळ त्या खुर्चीत बसूनच काढतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही पावलांना सूज येते. आता व्हीलचेअर घ्यायचे ठरले आहे. विक्रेत्याचा आग्रह आहे, की पाय वर उचलता येणारे लेग रेस्ट, म्हणजे पायांचे आधार, असलेलीच खुर्ची घ्यावी, म्हणजे सूज उतरेल. ती खुर्ची साध्या खुर्चीपेक्षा जड व लांब वाटली. ती घ्यावी का, आणि घेतल्यास काय तपासून घ्यावे?

उत्तर : केवळ सूज उतरावी एवढ्याच हेतूने ही खुर्ची घेणार असाल, तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावलांत साठलेले पाणी परत फिरण्यासाठी पाय हृदयाच्या पातळीच्या वर असावे लागतात. पाठ ताठ ठेवून बसलेल्या व्यक्तीचे पाय अगदी आडवे केले, तरी टाचा फार तर बैठकीच्या उंचीपर्यंत येतात आणि हृदय त्यांच्या बरेच वर राहते. त्यामुळे पाय खाली सोडून बसण्यापेक्षा थोडा फरक पडतो, पण विक्रेता सांगतो तितका नाही. पाठ मागे कलणारी किंवा बैठकीसकट संपूर्ण मागे झुकणारी व्हीलचेअर असेल, तर मात्र उचललेल्या पायांचा खरा उपयोग होतो. दिवसातून दोन-तीन वेळा अंथरुणावर आडवे होऊन, पोटरीपासून टाचेपर्यंत पूर्ण पायाखाली उशा घेऊन पाय उंच ठेवले आणि बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहिले, तर तेवढाच किंवा त्याहून अधिक फायदा कोणत्याही खर्चाविना मिळतो, कारण पोटरीचे स्नायू आवळले गेले की शिरांमधले रक्त वर ढकलले जाते.

त्याआधी सूज कशामुळे येते, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. दिवसभर पाय लोंबते ठेवल्याने सूज येतेच, परंतु हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकारांतही ती येते आणि अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबावरील औषधानेही येऊ शकते. हृदय कमजोर असलेल्या व्यक्तीचे पाय उंच करून ठेवणे नेहमीच हिताचे नसते. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा ती गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी पाय चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मग हे लेग रेस्ट असतात तरी कशासाठी? गुडघा वाकवायचाच नसेल, म्हणजे लांब प्लॅस्टर किंवा ब्रेस (गुडघा सरळ धरून ठेवणारा पट्टा) असेल, शस्त्रक्रियेनंतर पाय सरळ ठेवायला सांगितले असेल, किंवा गुडघाच ताठर होऊन वाकत नसेल, तेव्हा त्यांची खरी गरज असते. सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक रास्त कारण असू शकते. संधिवाताचे गुडघे तासन्‌तास एकाच कोनात राहिले की आखडतात व दुखतात, त्यामुळे अधूनमधून कोन थोडा बदलता आला तर त्यांना बरे वाटेल. परंतु त्यासाठी पाय आडवे होण्याची गरज नाही. थोडेसे उचलले गेले तरी पुरते.

विक्रेते क्वचितच सांगतात अशी एक गोष्ट येथे समजून घ्यायला हवी. मांडीच्या मागचे स्नायू एका टोकाला ओटीपोटाच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. दीर्घकाळ बसून राहणाऱ्या व्यक्तीत ते आखूड झालेले असतात. अशा व्यक्तीचा गुडघा बसल्या बसल्या सरळ केला, की हे स्नायू ताणले जातात व कंबरेचे हाड मागे ओढतात, पाठीला पोक येतो आणि व्यक्ती हळूहळू पुढे घसरत माकडहाडावर बसू लागते. तेथील त्वचेवर दाब आणि ओढ दोन्ही पडतात व जखम होण्याचा धोका वाढतो. म्हणजे पावलांच्या सुजेसाठी घेतलेली खुर्ची पाठीच्या तळाशी जखम करून बसते. हे घरीच तपासता येते. सासूबाईंना एका टणक खुर्चीवर पाठ सरळ ठेवून बसवा, एक हात त्यांच्या कंबरेच्या मागे ठेवा आणि दुसऱ्या हाताने एक पाय सावकाश उचला. ज्या क्षणी कंबर मागे वळू लागेल किंवा पाठ गोल होईल, तेथेच त्या पायाची मर्यादा संपली असे समजावे. पाय जेमतेम उचलताच असे होत असेल, तर उचलते लेग रेस्ट त्यांना त्रासच देतील, निदान पाठ मागे कलणारी खुर्ची नसेल तोवर.

तपासणीनंतरही ते घ्यायचे ठरले, तर त्यांच्या दोन प्रकारांतला फरक खुर्चीत प्रत्यक्ष बसूनच कळतो. लेग रेस्टची बिजागरी बैठकीच्या कडेजवळ, गुडघ्याच्या सांध्यापेक्षा खाली असते. साधा लेग रेस्ट त्या बिजागरीभोवती फिरतो, आणि त्यामुळे पाय सरळ होऊ लागला की त्याला जितकी लांबी हवी असते, तितकी मिळत नाही. फूटप्लेट, म्हणजे तळवा टेकवायची पाटी, तळव्याला मागे रेटते, गुडघा वर उचलला जातो आणि शेवटी कंबर मागे ढकलली जाते. दुसऱ्या प्रकारात लेग रेस्ट वर जाता जाता आपोआप लांबतो. बसवून पाहताना लेग रेस्ट वर जात असताना फूटप्लेट बैठकीच्या कडेपासून दूर सरकते का आणि तळव्यावरचा दाब वाढतो का, एवढेच पाहावे. लांबणारा प्रकार जड आणि महाग असला, तरी पाय दिवसातून अनेकदा वर-खाली करायचे असतील तर मी तोच सुचवेन.

पोटरीखालच्या गादीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ती मऊ, पुरेशी रुंद आणि वर-खाली सरकवता येणारी असावी. तिची वरची कड गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात रुतता कामा नये. पाय बाहेरच्या बाजूला कलंडत असेल तर अधिक लक्ष द्यावे लागते. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागते, त्याला वळसा घालून एक नस जाते आणि ती त्वचेच्या अगदी जवळ असते. लोखंडी दांडीचा किंवा कडक गादीचा दाब तिच्यावर बराच वेळ राहिला, तर पाऊल वर उचलण्याची ताकद जाऊ शकते.

खुर्चीची मापे इतर कोणत्याही व्हीलचेअरसारखीच घ्यावीत. बसल्यावर नितंबांच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच ते पाच सेंटिमीटर मोकळे राहावेत, बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याचा मागचा भाग यांत सुमारे पाच सेंटिमीटर अंतर असावे आणि फूटप्लेट जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर असावी. ही मापे ज्या उशीवर त्या रोज बसणार आहेत ती उशी घालूनच घ्यावीत, अन्यथा सगळी चुकतात.

घरातल्या जागेचा प्रश्न मात्र या खुर्चीत वेगळा असतो. लेग रेस्ट उचलल्याने खुर्चीची रुंदी वाढत नाही, त्यामुळे दारातून ती जाते. अडते ती वळणावर. साधी व्हीलचेअर जागेवर फिरवायला सुमारे दीड मीटर व्यासाची जागा लागते, आणि पाय पुढे पसरलेले असताना तेवढीही पुरत नाही. म्हणून फिरवताना पाय खाली घ्यावेत आणि पोहोचल्यावर उचलावेत. लेग रेस्ट वर-खाली करण्याचा खटका सासूबाईंना स्वतः दाबता येतो का, की प्रत्येक वेळी कोणीतरी वाकायला हवे, हेही पाहा. दुसऱ्यावर अवलंबून असलेला खटका काही दिवसांत वापरलाच जात नाही, असा माझा अनुभव आहे. उठता-बसताना ब्रेक लावून लेग रेस्ट बाजूला वळवता किंवा काढता आले पाहिजेत. फूटप्लेटवर उभे राहून उठण्याचा प्रयत्न कोणी करू नये, खुर्ची पुढे उलटते. पाय पसरलेले असताना वजन पुढे सरकलेले असते, त्यामुळे उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी धरावी, म्हणजे बसलेल्या व्यक्तीची पाठ उताराकडे आणि ढकलणारी व्यक्ती खालच्या बाजूला.

तुमच्या पत्रावरून तरी मला वाटते, की सासूबाईंना हलकी, काढता येणारे साधे लेग रेस्ट असलेली खुर्ची व चांगली उशी अधिक उपयोगी पडेल. पुढे कधी उचलते लेग रेस्ट बसवता येतील अशा चौकटीची खुर्ची मिळाली, तर दोन्ही सोयी हाताशी राहतील.

प्रश्न २ : भावाच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर आहे. घरात जुनी व्हीलचेअर आहे. तिला एका बाजूला उचलता येणारा लेग रेस्ट लावता येईल का?

उत्तर : अनेक खुर्च्यांना येतो, आणि दुसरा पाय साध्या लेग रेस्टवर राहिला तर खुर्ची फिरवणेही सोपे जाते. मात्र लेग रेस्ट अडकवण्याच्या खुंट्या प्रत्येक कंपनीच्या आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्याही वेगळ्या असतात, म्हणून खुर्ची सोबत नेऊन लावून पाहावी. तार बांधून किंवा वेल्डिंग करून जुळवू नये, प्लॅस्टरचे वजन बरेच असते. जुन्या खुर्चीचे लेग रेस्ट कायमचे जोडलेले असतील, तर काही आठवड्यांपुरती दुसरी खुर्ची भाड्याने घ्यावी. प्लॅस्टर झालेल्या पायाची बोटे निळसर किंवा बधिर होत असतील, तर तो प्रश्न खुर्चीचा नसून तातडीने डॉक्टरांना सांगण्याचा आहे.

प्रश्न ३ : वडिलांना मधुमेह आहे. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. उजव्या टाचेवर लहानशी जखम आहे. दोन्ही बाजूंना उचलते लेग रेस्ट घ्यावेत का?

उत्तर : दोन बाजूंचा विचार वेगवेगळा करावा लागेल. डावीकडे उरलेला पाय लोंबता राहिला, तर गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणे अवघड होते. त्यामुळे तेथे आधार हवाच, परंतु त्यासाठी बैठकीलगत बसणारी गादीदार फळी मिळते, तीच अधिक योग्य. लेग रेस्टवरील पोटरीची गादी बहुधा फार खाली येते आणि उरलेला पाय तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गुडघ्याखाली उशी मात्र देऊ नये, कारण तिने गुडघा वाकलेलाच राहतो.

उजव्या पायाबाबत घाई करू नये. मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात, आणि अशा पायाला खाली सोडल्यावरच थोडेफार रक्त पोहोचत असते. तो उंच ठेवला तर वेदना वाढतात आणि जखम भरायला वेळ लागतो. त्या पायातील रक्तप्रवाह तपासून शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावरच तो उचलावा, आणि उचलला तरी टाच कशावरही टेकणार नाही अशा बेताने पोटरीला आधार द्यावा. संवेदना कमी असल्याने टाच दाबली जात आहे हे वडिलांना जाणवणार नाही, म्हणून पाऊल रोज उजेडात पाहावे. आणखी एक बाब विक्रेत्याला आठवणीने सांगावी. पाय काढल्यावर शरीराचे वजन मागे सरकते व साधी खुर्ची चढावर मागे उलटू शकते, म्हणून मागची चाके थोडी मागे घेता येणारी किंवा मागे उलटू न देणाऱ्या छोट्या चाकांची जोडी असलेली खुर्ची मागावी.