बाजू चिरली की चिमटली, ते आधी बघा; केसिंग मग

प्रश्न असा आहे: २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल), चालवणाऱ्याचं वजन ७८ किलो, दोन्हीकडे मॅक्सिसचं एक्सो केसिंगचं (केसिंग म्हणजे टायरच्या आतलं कापड) २.४ इंची टायर, ट्यूबलेस. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या वाटांवर मागचं टायर एकाच हंगामात दोनदा बाजूने गेलं. आता कोणत्या कंपनीची बाजू सगळ्यात मजबूत, आणि एक्सो प्लस, डबलडाउन, सुपर ट्रेल, ग्रिड या केसिंगच्या नावांत फरक काय?

कंपनी ठरवायच्या आधी गेलेलं टायर हातात घ्या. बाजू ‘मजबूत’ असणं ही एकच गोष्ट नाही. दगडाच्या धारेने चिरणं वेगळं आणि दगड व रिम यांच्यात चिमटून भोक पडणं वेगळं. या दोन गोष्टींना अडवणारे थरही वेगळे असतात. चुकीचा थर विकत घेतला तर २०० ग्रॅम जास्त ओढाल आणि टायर पुन्हा तिथेच फाटेल.

चिमटलेलं टायर ओळखायला सोपं. भोक बीडच्या, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेच्या, अगदी जवळ, रिमच्या कडेला लागून असतं. पुष्कळदा दुसरं भोक समोर, जमिनीला टेकणाऱ्या ठोकळ्यांच्या बाजूला सापडतं, आणि रिमवर त्याच जागी बोट फिरवलं की खड्डा लागतो. ट्यूब असती तर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली असती. चिरलेल्या टायरचं तसं नसतं. चीर भिंतीच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या, मधोमध असते आणि बाहेरचे धागे स्वच्छ कापलेले दिसतात. चीर बहुतेक वेळा तिरकी जाते, कारण केसिंगचे धागेच तिरके विणलेले असतात. तिसरा प्रकार घासण्याचा. रबर निघून धाग्यांची लव वर येते, मग सीलंटचे (भोक बुजवायला ट्यूबलेस टायरमध्ये ओततात त्या द्रवाचे) बारीक थेंब पाझरू लागतात. पावसाळ्यात लाल चिखल फ्रेम आणि टायरच्या मध्ये अडकून बाजू कानशीसारखी घासतो. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर जागा नसेल, तर कितीही महाग केसिंग टिकणार नाही.

आपल्या भागात दगड कोणता, यावरही बरंच ठरतं. खानापूरच्या पश्चिमेला जांभा आहे. उघड्यावर पडलेला जांभा कडक होतो, त्याला छिद्रं असतात आणि फुटलेल्या छिद्रांच्या कडा करवतीसारख्या लागतात. तो बाजू खरवडतो आणि चिरतो. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या दगडाचे गोटे पुष्कळदा गोल असतात. तिथे उतारावर वेगात जोराचा ठोका बसतो आणि टायर चिमटतं. गोकाक, सौंदत्तीच्या बाजूला वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. त्याच्या फुटलेल्या चिपा इतक्या धारदार असतात की सरळ कापतात. त्याच भागात बाभळीचे काटे आणि सराटे आहेत. पण काटा घुसतो तो बहुतेक ठोकळ्यांच्या बाजूने, त्याला जाड भिंत कामाला येत नाही, ताजं सीलंटच लागतं. काट्यांसाठी म्हणून कुणी डाउनहिल, म्हणजे सगळ्यात जाड, केसिंग घेऊ नये.

आता थर. भिंतीच्या आत कापडाचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्यांचं केसिंग असतं. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. १२० म्हणजे बारीक आणि मऊ, ६० म्हणजे जाड धागे. एकच थर असेल तर ६० चं टायर चिरायला जास्त विरोध करतं आणि १२० चं हलकं व नरम चालतं. पण हा आकडा डोळे मिटून वापरू नका, कारण काही कंपन्या थरांची बेरीज छापतात. कॉन्टिनेन्टलच्या टायरवर ३/१८० असं वाचलं असेल. त्याचा अर्थ ६० चे तीन थर, १८० चा बारीक कपडा नव्हे. त्याची तुलना दुसऱ्याच्या १२० शी केली तर निष्कर्ष उलटा निघतो.

केसिंगच्या वर दोन प्रकारची राखण असते. एक, चिरण्याविरुद्ध भिंतीवर लावलेला घट्ट विणीचा पट्टा. मॅक्सिसचं एक्सो म्हणजे मुळात हाच पट्टा. तो धारेला अडवतो, चिमट्याविरुद्ध त्याचा फार आधार नाही. दोन, बीडच्या जवळ घातलेली ब्युटाइल रबराची पट्टी. ती भिंत रिमवर दुमडू देत नाही, म्हणून चिमटा टळतो. डबलडाउनमध्ये १२० टीपीआयचे दोन थर आणि ही पट्टी असते. मॅक्सिसच्याच डीएच (डाउनहिल) केसिंगमध्ये ६० चे दोन थर आणि पट्टी. एक्सो प्लस हे एक्सो आणि डबलडाउन यांच्या मध्ये बसतं.

बाकीच्या कंपन्यांच्या पायऱ्याही चढत्या क्रमाने अशा आहेत: श्वाल्बेच्या सुपर मालिकेत सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल, स्पेशलाइज्डच्या कंट्रोल, ग्रिड, ग्रिड ट्रेल, ग्रिड ग्रॅव्हिटी, कॉन्टिनेन्टलच्या ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल, डब्ल्यूटीबीच्या लाइट आणि टफ. हा क्रम त्या-त्या कंपनीच्या आतला आहे, हे लक्षात ठेवा. एकाची दुसरी पायरी म्हणजे दुसऱ्याचीही दुसरी पायरी, असा हिशेब लागत नाही. नावावरून दोन कंपन्यांची तुलना करणं मला मुळीच मान्य नाही.

तुलना करायची ती तराजूवर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. अट एवढीच की मॉडेल तेच, रुंदी तीच, ठोकळ्यांचं रबर तेच आणि फक्त केसिंग वेगळं. मग जो फरक येईल तो जवळजवळ सगळा भिंतीचा. २९ इंची, २.४ च्या आसपासच्या ट्रेल टायरला ढोबळ अंदाज असा: एकेरी हलकं केसिंग ९०० ते १०५० ग्रॅम, मधली पायरी १००० ते ११५०, दुहेरी ११५० ते १३००, डाउनहिल त्याच्या वर. खोल ठोकळ्यांचं टायर पातळ भिंतीसहसुद्धा जड भरतं, म्हणून दोन वेगळ्या मॉडेलांचं नुसतं वजन फसवतं. अशा वेळी बोटांवर विश्वास ठेवा. बीड आणि ठोकळे यांच्या मधोमध भिंत अंगठा व तर्जनीत धरून चोळा. एकेरी कापड कागदासारखं सरकतं, दुहेरीत दोन थर एकमेकांवर घसरल्यासारखे जाणवतात. मग बोटं बीडकडे न्या. तिथे जाडी एकदम वाढली तर ब्युटाइलची पट्टी आहे. घडी उघडून टायर जमिनीवर उभं केलं आणि ते आपल्या ताकदीवर गोल राहिलं, तर तेही चांगलं लक्षण. बेळगावात दुकानदार हात लावू देतात, संकोच करू नका. ऑनलाइन घेताना मात्र वर्णनात केसिंगचं नाव स्पष्ट लिहिलंय का ते तपासा. त्याच नावाचं टायर तारेच्या बीडमध्ये, साध्या केसिंगमध्येही विकलं जातं आणि फोटो दोघांचा एकच असतो.

तुमच्या बाबतीत चीर मधोमध असेल, तर एक्सोवरून मागे दुहेरी केसिंगवर जा. भोक बीडपाशी असेल तर आधी हवा तपासा. ७८ किलोला एक्सोवर मागे २२ पीएसआय भरून जांभ्यावर उतरत असाल, तर दोष टायरचा नाही. ३० मिलिमीटर आतल्या रुंदीच्या रिमवर मागे २६ ते २८ आणि पुढे २२ ते २४ पासून सुरू करा. दुहेरी केसिंग बसवल्यावर मागे २४-२५ चालतं, कारण भिंत स्वतःही थोडा भार घेते. जुनीच २८ ठेवली तर टायर दगडावर उडेल आणि तुम्ही म्हणाल की जड टायर वाईट. पुढचं एक्सो आहे तसंच राहू द्या. हार्डटेलवर मार सगळा मागे बसतो. पुढेही जड टायर घातलं तर राजहंसगडाच्या चढावर पाय लगेच सांगतील. फोमचं इन्सर्ट (टायरच्या आत रिमवर बसणारं कडं) घालायचा विचार असेल तर ते रिम वाचवतं आणि चिमटा टाळतं. चिरण्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

२९ × २.४ ला सीलंट १०० ते १२० मिलिलिटर. मार्च ते मे मध्ये ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी उघडून बघा आणि ५०-६० मिलिलिटर टाका. नव्या १२० टीपीआय टायरच्या बाजूने बुडबुडे आले तर घाबरू नका. चाक हलवून बादलीवर आडवं ठेवा, अर्ध्या तासाने उलटवा.

चिरलेलं टायर वाचतं का? बाजूला प्लग (भोकात बाहेरून खुपसायची रबरी वात) टिकत नाही. प्लग रबराच्या जाडीत आवळून बसतो, भिंतीला ती जाडी नसते आणि ती सतत वाकते. ५-६ मिलिमीटरपर्यंतची चीर आतून पॅचने धरते: सीलंट पूर्ण खरवडा, जागा धुऊन वाळवा, पॉलिश पेपरने खरखरीत करा, सोल्युशन पातळ लावून पाच-सात मिनिटं बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, पॅच दाबा आणि रात्रभर वजन ठेवा. दुचाकीला लावतात तो गरम पॅच इथे नको, पातळ भिंत भाजते. चीर १० मिलिमीटरच्या वर असेल, किंवा हवा भरल्यावर तिथे फुगवटा आला, तर ते टायर काढून टाका. वाटेत घरी पोहोचण्यासाठी जुन्या टायरच्या भिंतीचा ५ × ८ सेंटिमीटर तुकडा, कडा घासून पातळ केलेला, पिशवीत ठेवा. तो चिरेच्या आत ठेवून ट्यूब घालायची, हवा फक्त रिम आपटणार नाही एवढी. कणकुंबीहून परतीला पंक्चरचं दुकान लांब आहे, म्हणून ट्यूब आणि पंप या तुकड्याबरोबर असलेच पाहिजेत.